लाईट ट्रॅपमध्ये सगळे घावले, चोर सोडून: तुळजापूर रोडच्या एका डाळिंब बागेचं प्रकरण

बाग सोलापूरहून तुळजापूर रोडला, हिप्परगा तलाव मागं टाकला की आत वळून थोडं पुढं. दीडेक एकर भगवा जातीचं डाळिंब, सगळं ठिबकवर. अण्णांनी (आमच्या ग्रुपमधल्या एकाचे पाहुणे, नाव नको, अण्णाच म्हणू) आंबे बहार, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाला फुलं धरायचा हंगाम, जरा उशिरा धरलेला, त्यामुळं सप्टेंबर संपत आला तरी फळं झाडावरच होती, रंग मस्त चढलेला, व्यापारी येऊन बघून गेलेला, आणि नेमकं तेव्हाच रोज सकाळी झाडाखाली फळं पडायला लागली. लांबून बघितलं तर फळ एकदम चोख. हातात घेतलं की एका बाजूला मऊ लागतं आणि तिथं तपकिरी ओला डाग.

आता डाळिंबवाल्याला फळावर डाग दिसला की तोंडात पहिलं नाव येतं तेल्या रोगाचं, आणि त्यात त्याची चूक पण नाही, तेल्यापायी ज्यांनी बागाच्या बागा उपटून टाकल्या त्यांना विचारा. पण हा तेल्या नव्हता. तेल्याचा डाग काळपट, तेलकट आणि कडक असतो, पुढं फळ त्या जागी तडकतं. मग सुरसा म्हणावा, म्हणजे फळ पोखरणारी अळी, तर तिच्या भोकाच्या तोंडाशी विष्ठा चिकटलेली असते आणि वास येतो, इथं तसलं काही नाही. फळमाशी म्हणावी तर चार-पाच फळं फोडून बघितली, आत एक अळी नाही. होतं काय तर डागाच्या बरोबर मधोमध टाचणीच्या टोकाएवढं एक भोक, आणि अंगठ्यानं दाबलं की त्यातनं रसाची बारीक चिळकांडी उडायची. आत त्या जागचे दाणे पांढुरके पडून पिचलेले, बाकीचं फळ चांगलं. दोन दिवस ठेवलं की मात्र भोकातनं बुरशी आत शिरते आणि अख्खं फळ जातं.

म्हणजे रात्री येऊन कुणीतरी रस पिऊन जातंय. एवढं अण्णांना पण कळलं होतं, म्हणूनच त्यांनी गावातल्या औषधाच्या दुकानात विचारलं आणि दुकानदारानं त्यांच्या गळ्यात सोलरवाला लाईट ट्रॅप घातला. निळसर जांभळा एलईडी, वर छोटं पॅनल, खाली साबणाच्या पाण्याचा टब, संध्याकाळी आपोआप चालू आणि सकाळी बंद. ट्रॅप बागेच्या मधोमध उभा केला. रोज सकाळी टब किड्यांनी काळा झालेला असायचा आणि रोज सकाळी झाडाखाली फळं पण तेवढीच. अण्णांचं गणित असं की एवढं मरतंय म्हणजे काम चाललंय, अजून एक ट्रॅप घेतला की आटोक्यात येईल. दुसऱ्याची ऑर्डर द्यायच्या आधी आमच्या मित्रानं आम्हाला बोलावलं, कारण पावसाळा संपता संपता रात्री झाडीत पांढरा पडदा लावून, त्यावर दिवा सोडून, उजेडाला येणारे पतंग (म्हणजे मॉथ) बघायचं खूळ आम्हाला आहे हे त्याला माहीत होतं.

बागेची जागा समजून घेतली पाहिजे, अर्धं उत्तर तिथंच आहे. एका अंगाला मका, दुसऱ्या अंगाला तूर, आणि खालच्या बाजूला ओढा. ओढ्यापलीकडं गायरानावर जुनं वनीकरण. जंगल म्हणलं तर पुण्या-कोल्हापूरकडची मंडळी हसतील, पण निंब, बाभूळ, हिवर, बोर, ग्लिरिसिडिया, मधी एक-दोन वड, आणि ओढ्याकाठानं वेलींचं एवढं जाळं की आत वाकून जावं लागतं. आपल्याकडं पाऊस मुळात कमी आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात पडतो, त्यामुळं ही झाडी जी काय हिरवी होते ती भादवा-अश्विनात. इंग्लंडात शरदातल्या झाडीत पतंग बघायला बसणारे लोक वर्षाच्या शेवटच्या पाहुण्यांची वाट बघत असतात, ओकच्या झाडीत मर्व्हेय द्यू झूर नावाचा हिरव्या नक्षीचा पतंग येतो, त्याच्यासाठी थंडीत कुडकुडत बसतात. सोलापुरात उलटं, आपला खरा सीझन तेव्हाच. मेमध्ये ४३-४४ डिग्रीला जिथं काळं कुत्रं दिसत नाही तिथं ऑक्टोबरच्या रात्री पडद्यावर बोट ठेवायला जागा नसते.

पहिलं काम टबाचं. पाणी चहाच्या गाळणीतनं गाळलं आणि सगळा माल पांढऱ्या ताटलीत पसरून चिमट्यानं वेगळा करत बसलो. किळसवाणं काम आहे, पण टबात काय आहे ते न बघता टब भरला म्हणून खूश व्हायचं असेल तर ट्रॅप लावायचाच कशाला. तलाव जवळ म्हणून पाणभुंगेरे आणि चिलटं सगळ्यात जास्त. मग शेणकिडे, तुडतुडे, ढेकणाच्या जातीतले हिरवे किडे. मक्याच्या बाजूनं आलेले लष्करी अळीचे पतंग होते, ती अमेरिकेतली फॉल आर्मीवर्म, भारतात २०१८ साली कर्नाटकात पहिल्यांदा सापडली आणि आता मका म्हणलं की ती आहेच. घाटेअळीचे पतंग होते, तुरीला फुलं येणार होती त्यामुळं ते येणारच. इथपर्यंत ठीक. पण क्रायसोपा, म्हणजे ती हिरवी नाजूक जाळीदार पंखांची माशी जिची अळी मावा खाते, ती मूठभर. ढालकिडे. आणि बारीक कमरेच्या त्या परजीवी माश्या ज्या अळ्यांच्या अंगात अंडी घालतात, त्या पण चांगल्याच. म्हणजे अण्णा रोज रात्री स्वतःचेच फुकटचे मजूर साबणाच्या पाण्यात बुडवत होते. आणि फळाला भोक पाडू शकेल असा एकही पतंग टबात नव्हता.

हे अण्णांना पटेना. त्यांनी ताटलीतला एक मळकट करड्या रंगाचा पतंग दाखवला, "हाच की ओ सर, ह्येच बसत्यात फळावर." आणि ते साफ चूक पण नव्हतं, तो एरंडीवरच्या उंटअळीचा पतंग होता, अकिया जनाटा, मागचे पंख काळे आणि त्यावर पांढरा पट्टा. तो फळाचा रस पितो हे खरं, पण डाळिंबाच्या जाड सालीला त्याची सोंड फार काही करू शकत नाही, नरम फळ किंवा दुसऱ्यानं पाडलेलं भोक सापडलं की हा तिथं तोंड घालतो. पहिलं भोक पाडणारा वेगळा.

म्हणून आम्ही ठरवलं की ट्रॅप बंद ठेवायचा, ओढ्याच्या कडेला झाडीकडं तोंड करून आमचा पडदा लावायचा आणि त्याच रात्री बागेत टॉर्च घेऊन पण फिरायचं. रात्र सर्वपित्री अमावस्येची निवडली. त्यावरनं घरात जरा कुरबूर झाली, अमावस्येला आणि ते पण पितरांच्या, रानात कशाला जाताय म्हणून, पण पतंग बघायला अमावस्येसारखी रात्र नाही. चंद्र असला की पडद्यावरची गर्दी निम्म्याच्या खाली येते, त्यात ढगाळ, दमट, वारा पडलेली रात्र मिळाली तर सोन्याहून पिवळं. त्या दिवशी दुपारी एक सर येऊन गेली होती आणि संध्याकाळी पान हलत नव्हतं.

पडद्याबद्दल थोडं सांगतो कारण लोक विचारतात. सोलापुरात राहून चादरीला काय तोटा, पण ती नक्षीची जेकार्ड चादर ह्या कामाला उपयोगाची नाही, साधं पांढरं मांजरपाट घ्यायचं, पावडरमध्ये धुतलेलं असलं तर अजून चांगलं कारण पावडरमधला पांढरेपणा आणणारा पदार्थ यूव्ही म्हणजे अतिनील उजेडाखाली निळसर चमकतो आणि पडदा लांबून दिसतो. दोन झाडांना दोरी, दोरीवर मांजरपाट, खालचं टोक जमिनीवर पुढं पसरलेलं, कारण भुंगेरे आपटून खालीच पडतात. पूर्वी लोक १६० वॅटचा मर्क्युरीचा बल्ब वापरायचे, उजेड प्रचंड, पण गरम एवढा व्हायचा की वर पावसाचा थेंब पडला तर फुटायचा, आणि आता पाऱ्यावरच्या बंदीमुळं तो मिळत पण नाही धड. आम्ही यूव्ही एलईडीची पट्टी पॉवर बँकेवर चालवतो. त्या लाईटकडं डोळे लावून बसायचं नाही, चष्मा असला तर उत्तम. पायात बूट पाहिजेतच, ओढ्याकाठचा दगडगोट्याचा भाग म्हणजे फुरशाचा इलाका, आणि एक गंमत म्हणून यूव्ही टॉर्च बांधावरच्या दगडांवरून फिरवली तर विंचू हिरवट निळा चमकताना दिसला, नुसत्या डोळ्याला तिथं काहीच नव्हतं. अण्णांचा पोरगा त्यानंतर चप्पल सोडून बूट घालून आला.

साडेसातच्या पुढं पडदा भरायला लागला. पहिल्यांदा बारीकसारीक, मग मोठे. रताळ्याच्या वेलावरचा हॉक मॉथ धाडकन आला आणि मांजरपाटावर फडफडत बसला, पोटावर गुलाबी-काळे पट्टे. त्याच्या मागोमाग कवटीवाला, ज्याच्या पाठीवर खरंच कवटीसारखी खूण असते आणि हातात धरला की चीं चीं ओरडतो, त्याची अळी तिळावर असते आणि पतंग मधमाश्यांच्या पोळ्यात घुसून मध पितो. पोरगं खूश, आजी म्हणजे अण्णांची आई लांबूनच "सोड त्याला, सोड" करत होती. पांढऱ्यावर लाल-काळे ठिपके असलेला यूटेथीसा आला, वडा-उंबरावर वाढणारा पिवळट असोटा आला, हिरवी फांदी चालत यावी तसा एक प्रार्थनाकीटक पडद्याच्या वरच्या कडेला येऊन ठाण मांडून बसला आणि फुकटचं जेवण सुरू केलं, खाली बेडकानं पण दुकान मांडलं होतं. तलावाकडनं एक मोठा पाणढेकूण आला, तो चावतो आणि चावला की लक्षात राहतो, त्याला हात लावायचा नाही. आणि पिडेरस होते, मुंगीसारखा लांबुळका नारिंगी-काळा किडा, मानेवर बसला तर फुंकर मारायची, चिरडला तर दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखा चट्टा उठतो. लोक त्याला कोळी फिरला म्हणतात, बिचाऱ्या कोळ्याचा काही संबंध नसतो.

अण्णा खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी विचारलं, हे उजेडाकडं येतातच का. मी लहानपणापासून ऐकत आलो की ते चंद्र बघून दिशा धरतात आणि दिव्यालाच चंद्र समजतात. पण २०२४ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये एक अभ्यास आला, त्यात दिव्याभोवतीच्या किड्यांचं हायस्पीड कॅमेऱ्यानं शूटिंग केलंय आणि त्यात दिसतं की किडा दिव्याकडं तोंड करत नाही, पाठ करतो. म्हणजे कसं, उडणाऱ्या किड्याला वर कुठं आणि खाली कुठं हे कळायला आभाळाचा उजेड लागतो, रात्री पण आभाळ जमिनीपेक्षा उजळच असतं, त्यामुळं पाठ उजेडाकडं ठेवली की सरळ उडता येतं. मधीच आपण बल्ब लावला की तो पाठ बल्बकडं करतो, अंग तिरकं होतं, आणि तसंच उडत राहिला की बल्बभोवती गोल गोल फिरत बसतो, बल्बच्या वर गेला तर उलटा होऊन खाली पडतो. म्हणजे त्याला दिवा आवडतो वगैरे काही नाही, तो अडकतो. आणि सगळेच अडकत नाहीत, त्याच अभ्यासात कण्हेरीवर वाढणारा हिरवा हॉक मॉथ ह्या गोंधळात सापडत नव्हता. हायवेच्या डिव्हायडरला एवढी कण्हेर आहे, त्याची अळी लोकांना फोटोत नेहमी दिसते, पण पडदा लावला की तो हजर होईलच असं नाही.

ह्या शेवटच्या वाक्यावर अण्णा सावध झाले. "म्हणजे काही काही येतच नाहीत?" मी म्हणलं हां, तोच तर मुद्दा आहे.

तेवढ्यात बागेतनं पोराचा आवाज, "दादा, इकडं या, डोळे चमकाल्यात." आमच्यातला एकजण त्याला घेऊन टॉर्चवर लाल कागद लावून ओळींमधनं फिरत होता. जाऊन बघितलं तर कमरेएवढ्या उंचीच्या फांदीवर, चांगल्या रंगलेल्या फळावर, वाळलेलं पान चिकटून बसावं तसं काहीतरी. पुढचे पंख अगदी पानासारखे, शिर पण आहे, कड पण चावून गेल्यासारखी. फक्त डोळे टॉर्चमध्ये निखाऱ्यासारखे नारिंगी. जवळ गेलो तरी हलला नाही कारण सोंड आत होती. नीट वाकून बघितलं तर सोंड सालीत सरळ उभी शिरलेली आणि पतंग डोकं बारीक बारीक मागंपुढं करत होता, भोक मोठं करायचं काम चालू. ह्या सोंडेचं टोक कडक असतं आणि त्याला उलटे काटे असतात, फुलातला मध चोखणाऱ्या पतंगाच्या सोंडेसारखी ती लवलवीत नसते. काडीनं पंखाला स्पर्श केला तसे मागचे पंख फाडकन उघडले, भडक केशरी, मधे काळा गोल ठिपका, कडेला काळी किनार. यूडोसिमा मटेर्ना. एका सेकंदात पंख परत मिटले आणि पान पुन्हा पान झालं.

त्यानंतर फळं बघत गेलो तसे ते सापडतच गेले, कडेच्या म्हणजे ओढ्याकडच्या ओळींत जास्त, मक्याकडं जवळजवळ नाहीतच. काही फळांवर यूडोसिमा आणि शेजारी तो उंटअळीवाला, उष्टं प्यायला आलेला. अण्णांनी एकेक पकडून पायाखाली घ्यायला सुरुवात केली, आम्ही काही बोललो नाही, त्यांची बाग आहे. पण ह्या सगळ्या वेळात शे-दोनशे फुटांवर आमचा पडदा यूव्हीनं झगमगत होता आणि त्याच्यावर यूडोसिमा एकसुद्धा नाही.

हे काही आमचं संशोधन नाही. फळ टोचणारे हे पतंग लाईट ट्रॅपमध्ये कमी येतात हे फळबागेच्या शास्त्रज्ञांना कधीचं माहीत आहे, जपानमध्ये तर नासपती आणि पीचच्या बागेत रात्रभर पिवळे दिवे लावतात, पतंग पकडायला नाही, हाकलायला. पतंगाचे डोळे अंधाराला जुळवून घेतलेले असतात, पिवळा उजेड पडत राहिला की ते दिवसासारखे होतात आणि पतंग खायचं-उडायचं सोडून गप बसून राहतो. म्हणजे ज्या प्राण्यासाठी अण्णांनी दिवा विकत घेतला त्याच्यासाठी दिव्याचा उपयोग असलाच तर बरोबर उलटा. दुकानदाराला हे माहीत नसेल असं समजून सोडून देऊ.

ते येतात कशाला तर वासाला. पडद्याच्या जोडीला आम्ही पिकून काळी पडलेली केळी, गूळ आणि थोडी शिंदी एकत्र कालवून, दोन दिवस आंबवून, बाभळीच्या बुंध्याला फासून ठेवली होती (शिंदी आणली कुणासाठी ह्यावर आजीची चौकशी झालीच). दहाच्या सुमारास त्या बुंध्यावर पण दोन-तीन यूडोसिमा होते. एकच झाडी, एकच रात्र, पडद्यावर एक गर्दी आणि बुंध्यावर वेगळी गर्दी. पतंग बघणाऱ्या कुणालाही हे सांगावंसं वाटतं की नुसत्या लाईटवर झाडीतल्या पतंगांची यादी करू नका, ती यादी लाईटला येणाऱ्यांची होते. भारतात पतंगांच्या दहा हजारावर जाती आहेत, सगळे काही आपल्या बल्बसाठी जन्माला आलेले नाहीत.

राहिला प्रश्न हे येतात कुठनं. डाळिंबावर ह्यांची अळी नसते, पतंग फक्त रस प्यायला बागेत येतो. अळी वाढते रानवेलींवर, आपल्याकडं मुख्य म्हणजे गुळवेल आणि वासनवेल. दुसऱ्या दिवशी उजेडात ओढ्याकाठी गेलो. निंबावर अंगठ्याएवढ्या जाडीची गुळवेल चढलेली, खाली धाग्यासारखी मुळं लोंबलेली, आणि पानं चाळली तर सापडली अळी, मखमली काळपट, अंगावर दोन्ही बाजूला पिवळे-पांढरे गोल डोळे काढलेले, म्हणजे खोटे डोळे, डिवचलं की पुढचं अंग खाली वाकवून मागचं वर करून बसते, लहान साप बघतोय असं वाटतं. दुसरी एक अळी मेलेली, अंगाला परजीवी माशीचे बारीक पांढरे कोष चिकटलेले. त्याच त्या माश्या ज्या टबात बुडत होत्या, किंवा त्यांच्या बहिणी.

औषध-फवारणीच्या माहितीपत्रकात पुढची ओळ सोपी असते, बागेभोवतीच्या गुळवेल आणि वासनवेल नष्ट करा. प्रत्यक्षात अण्णांच्या बांधावरच्या निंबावर जी गुळवेल आहे ती आजीची. करोनात आख्ख्या गल्लीनं तिचा काढा घेतलाय, अजून पण ताप आला की कुणीतरी तुकडा मागायला येतं, आणि निंबावरची गुळवेल जास्त गुणकारी म्हणतात त्यामुळं तिला भाव वेगळा. आजी एका वाक्यात म्हणल्या, "माझ्या वेलाला हात लावायचा न्हाई." अण्णा माझ्याकडं बघायला लागले जसं काय मी निकाल देणार आहे.

माझं मत तेव्हा पण हेच होतं आणि आत्ता पण तेच आहे. ओढ्यापलीकडची झाडी साफ करायला जाऊ नये, एक तर ती अण्णांची नाही, आणि हे पतंग चांगले तगडे उडणारे आहेत, लांबनं पण येतात, समोरचं तोडलं म्हणून पुढच्या रानातनं यायचे थांबत नाहीत. वर झाडी गेली की परजीवी माश्या, पक्षी, वटवाघळं सगळं गेलं. बांधावरची वासनवेल काढावी, तिचं कुणाला काही नाही. आजीची गुळवेल राहू द्यावी पण पावसाळ्यात आठवड्याला एकदा तिची पानं चाळून अळ्या काढाव्यात, हात पोचतो तिथपर्यंत तरी. आजीनं हे मान्य केलं, काम मात्र नातवाच्या अंगावर टाकलं.

बागेत काय केलं तर पहिल्यांदा सोलर ट्रॅप उचलला आणि मक्यात नेला. तिथं त्याला काहीतरी अर्थ आहे, लष्करी अळीचे पतंग किती येतात त्यावरनं फवारणीची वेळ कळते. पण तिथं पण रात्रभर चालू ठेवायचा नाही, अंधार पडल्यापासून साडेनऊ-दहापर्यंत बास, मित्रकीटक बरेचसे त्यानंतर येतात. दिल्लीच्या एनसीआयपीएम ह्या कीड व्यवस्थापनाच्या राष्ट्रीय संस्थेनं मित्रकीटक बाहेर निसटतील अशा भोकांचा ट्रॅप बनवलाय, घ्यायचाच असेल तर तसला घ्यावा. आम्ही अण्णांच्या ट्रॅपला टायमर बसवून दिला.

दुसरं, पडलेली फळं. ती झाडाखाली तशीच राहत होती आणि आंबून वास सोडत होती, म्हणजे आमच्या केळ्याच्या लगद्याचंच काम अख्खी बाग करत होती. रोज सकाळी वेचून खड्ड्यात पुरायला सुरुवात केली. तिसरं, ओढ्याकडच्या ओळींतल्या फळांना नॉन-वुव्हन कापडाच्या पिशव्या. खर्चावरनं अण्णा कुरकुरले, मजुरी धरली तर परवडत नाही म्हणाले, मग सगळ्या बागेला न करता फक्त जिथं पतंग जास्त बसतो त्या कडेच्या ओळींना घातल्या. फळ पिशवीला चिकटून राहिलं तर पतंग कापडातनं पण सोंड घालू शकतो, त्यामुळं पिशवी ढगळ पाहिजे आणि तोंड देठाशी घट्ट. चौथं, संध्याकाळी ओढ्याच्या बाजूला पालापाचोळ्याचा ओलसर धूर, आणि आठ ते दहा टॉर्च घेऊन फेरी, दिसला की पकड. गूळ आणि कीटकनाशकाचं विषारी आमिष लावायची शिफारस पण असते, ते आम्ही टाळलं, बांधावर मधमाश्यांचं पोळं होतं आणि कुत्रं मोकळं फिरत होतं. काही शंका राहिली तर फळ घेऊन केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात जा असं पण अण्णांना सांगितलं, २००५ पासून ते सोलापुरातच आहे आणि लोक मात्र औषधाच्या दुकानात विचारतात.

फरक पडला का, तर पडला. पिशवीतल्या फळांना नवीन भोकं अगदी तुरळक, उघड्या ओळींत पण गळ कमी झाली. पण ह्याचं श्रेय नक्की कुणाला द्यायचं ते सांगताना जरा हात राखून बोललेलं बरं. मधल्या काळात चांदणं वाढत गेलं, फळं तोडली गेली तसा बागेतला वास पण कमी झाला, आणि पाऊस पूर्ण थांबला. कोजागिरीच्या रात्री, रोडवर तुळजापूरला पायी निघालेल्या लोकांची रांग लागलेली असताना, आम्ही परत एकदा पडदा लावला तर त्यावर जेमतेम पाच-दहा किडे, बेडूक सुद्धा कंटाळून निघून गेला. बागेत टॉर्चला एकच यूडोसिमा सापडला, तो पण पिशवी नसलेल्या फळावर. पौर्णिमेमुळं कमी की उपायांमुळं कमी हे वेगळं करायला पुढच्या बहारात काही ओळी मुद्दाम उघड्या ठेवून दोन्हीकडची गळ रोज मोजावी लागेल, आणि फळं रंगात असतानाच्या एका अमावस्येला तरी परत फिरावं लागेल.

अण्णांनी एक ओळ उघडी ठेवायला होकार दिलाय, दोन म्हणलं तर नाही म्हणाले. पिशव्या ह्यावेळी रंग चढायच्या आधीच घालायच्या ठरल्यात, कारण ह्या बहारात पिशवी घालेपर्यंत बऱ्याच फळांना आधीच भोक पडलेलं होतं आणि ती पिशवीत आतल्या आत सडली. शेजारच्या बागवाल्यानं मात्र ट्रॅप घेतलाच. त्याच्या टबातला माल गाळून बघायला येत्या रविवारी जायचं आहे, गाळणी आमचीच.